जाम इंजिन

"आई, इंजिन जाम असलं तर गाडी भंगारात. मग हट्ट नाही करायचा," शेडच्या दारातून मुलगी म्हणाली.

"आधी बघू तर दे!" नर्सबाई बॉनेटखालून ओरडल्या.

सारी नोकरी इस्पितळात गेलेल्या बाईंना गाडीचं दार उघडण्यापलीकडे काही येत नव्हतं. जुनी गाडी म्हणजे नवऱ्याचा जीव की प्राण. तिला तो कुणाला हात लावू देत नसे. मग अर्धांगवायूनं त्याचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. गाडी शेडमध्ये धूळ खात राहिली आणि तो खिडकीशी. आज बाईंनी त्याची चाकाची खुर्ची ढकलत इथवर आणली होती. "माझी फजिती बघायला तरी चला," म्हणाल्या होत्या.

मेकॅनिकनं सांगितलं होतं, रंगबिंग नंतर. आधी प्लग काढून भोकांत तेल सोडा, मुरू द्या, मग पुढच्या पुलीला पाना लावून हातानं फिरवा. फिरली तर इंजिनात जीव आहे.

तेल रात्रभर मुरलं होतं. बाईंनी पाना लावला, जोर केला. पुली हलेना. पुन्हा रेटलं, तर पाना निसटला आणि बोटांची सालं निघाली.

"गेलं वाटतं हो," त्या नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या.

"मी भंगारवाल्याला फोन लावते," मुलगी हळू आवाजात म्हणाली.

"गि... गिअर!"

दोघी जागच्या जागी थिजल्या. आवाज जड, घोगरा होता, पण त्याचाच होता. चेहरा लालबुंद करून तो डाव्या हातानं स्टिअरिंगकडे बोट दाखवत होता. "गिअर... काढ!"

मुलगी धावत आत शिरली. गाडी गिअरमध्येच उभी होती, इंजिन चाकांशी जखडलेलं. तिनं स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा मोकळा केला. बाईंनी श्वास रोखून पाना दाबला. आत काहीतरी कुरकुरलं आणि पुली बोटभर सरकली. मग आणखी थोडी.

"फिरतंय! अहो, फिरतंय!" बाई हसत होत्या, नाक ओढत होत्या. "आणि तुम्ही बोललात! इतके दिवस माझ्याशी एक शब्द नाही, आणि बोललात ते गाडीसाठी!"

त्यानं हात पुढे केला. बाईंनी खुर्ची जवळ घेतली, पाना त्याच्या मुठीत दिला. त्यानं डाव्या हातानं सावकाश पुली फिरवली, थांबून कान दिला, पुन्हा फिरवली.

त्याची बोटं काळी झाली. बाईंनी सवयीनं ओलं फडकं घेऊन त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला आणि तसाच, तेलकट, मांडीवर ठेवला.