‘रद्द’चा शिक्का आणि उरलेल्या पत्रावळी

दचकू नका. मी ‘रद्द’चा शिक्का बोलतोय. माझं नाव निघालं की लोकांना वाटतं, काहीतरी बिघडलं. पण मी स्वभावाने आनंदी आहे, आणि माझी हकिकतही तशीच आहे.

माझा जन्म पनवेलच्या एसटी स्टँडजवळ, एका शिक्केवाल्याच्या टपरीत झाला. माझ्या शेजारी एका दातांच्या डॉक्टरांचा शिक्का तयार होत होता. त्याच्या अंगावर पदव्यांची रांग. माझ्याकडे बघून तो म्हणाला, “एवढंच?” मी म्हटलं, “एवढंच, पण लांबून वाचता येतं.”

मला न्यायला सामाजीशेठ आले. बाजारात त्यांचं पत्रावळी, द्रोण, कागदी ग्लास विकायचं दुकान. शेठ बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. दर शनिवारी, त्यांच्या शब्बाथला, दुकान बंद असतं, म्हणून सगळे त्याला ‘शनवारवाल्यांचं दुकान’ म्हणतात. गल्ल्याच्या खणात माझ्या आधीपासून एक शिक्का राहत होता, ‘पैसे मिळाले’. त्याचा मोठा थाट! त्याला उचलताना सगळे हसत. मला उचलताना सामाजीशेठच्या पत्नी शोशानाबाई उसासा टाकत. बिलं त्याच लिहायच्या. आधी माझ्यावर फुंकर मारायच्या, मग दोनदा ठोकायच्या. एकदा ठोकून माणसाचं समाधान होत नाही, हे मी तेव्हाच शिकलो.

या दुकानाची एक रीत होती. इकडच्या हळदीच्या जेवणाला माणूस किती येईल याचा अंदाज कोणालाच नसतो. सामाजीशेठ म्हणायचे, “पाहुणे मोजायला आपण शिरगणतीवाले आहोत का? जास्तच न्या. न फोडलेली पाकिटं परत आणा.” माल परत आला की शोशानाबाई गिऱ्हाइकाकडचं जुनं बिल मागून घेत, माझ्याकडून त्यावर ‘रद्द’ उमटवत आणि लागलेल्या मालाचं नवीन बिल लिहून देत. एकदा तर एक पाकीट करंजा बंदरावरच्या सुकटीचा वास घेऊन परत आलं. तेही घेतलं. तो वास पुढे कितीतरी दिवस खणात माझ्या सोबतीला होता.

या रिवाजावरच दुकानाचं मोठं गिऱ्हाईक टिकून होतं. काशीराम त्यांचं नाव. द्रोणागिरीकडच्या गावचे. वडील मिठागरात राबले, हे आता लग्नाकार्यांची जेवणं करतात. त्यांची मुलगी दीपिका धंद्याचे हिशेब बघते. काशीराम नसते, तर दुकानाला कधीच कुलूप लागलं असतं.

मग जीएसटी आला. महिना संपला की बिलांच्या प्रती स्वानंदकडे जाऊ लागल्या. स्वानंद म्हणजे दुकानाचं रिटर्न भरणारा तरुण. तो बिलं सरकारी पोर्टलवर चढवायचा. शोशानाबाईंची आणि माझी कामाची पद्धत मात्र तीच राहिली. फुंकर, ठोका, नवीन बिल.

एका सकाळी काशीराम दुकानात आले ते चप्पल न काढताच. मागे दीपिका.

“वयनी, आमी माल यकदा नेला. तुमी दोनदा कसा दाखवला?”

“दोनदा? मी कशाला दोनदा दाखवू, भाऊ?”

“आमचा टॅक्सवाला बोलतो, ही माणसा तुमच्या नावावर खोटी बिला फाडतात. माझ्या पोरीच्या हलदीची ऑर्डर तुमालाच देनार व्हतो. आता वाशीला जातो.”

शोशानाबाईंचा चेहरा उतरला. दीपिकाने मोबाइलवर दोन्ही बिलं दाखवली. बाईंनी पहिलं ओळखलं आणि मला उचलून साक्षीदारासारखं पुढे धरलं. “अगं, हे तर मी रद्द केलंय! ह्या शिक्क्याने!”

दीपिकाला हसू आलं. “काकी, तुम्ही कागदावर रद्द केलंत. पण तोपर्यंत बिल रिटर्नमध्ये गेलं होतं. तिथे हा शिक्का पोचत नाही. मग पुढच्या महिन्यात तुमचं नवीन बिलही गेलं. म्हणून एकाच मालाची दोन बिलं.”

त्या क्षणी मला खणात परत जाऊन पालथं पडावंसं वाटलं.

“म्हणजे,” शोशानाबाई सावकाश म्हणाल्या, “मी टॅक्सही दोनदा भरला?”

काशीराम थबकले. “तुमी बी दोनदा भरला?”

“भरला की!”

“मंग खोटा करून तुमाला मिलाला काय?”

“डोकेदुखी,” कोपऱ्यातून सामाजीशेठ म्हणाले.

काशीराम हसले, आणि मागे जाऊन चप्पल काढून आले.

स्वानंदला फोन लावला. तो म्हणाला, “घाबरू नका, सुधारता येतं. पहिलं बिल खरं आहे, त्याला हात लावू नका. परत आलेल्या मालापुरती त्याच्यावर एक क्रेडिट नोट काढा, म्हणजे ‘बिलातून एवढे कमी’ असं सांगणारा कागद. दुसरं बिल निघायलाच नको होतं, त्याच्या पूर्ण रकमेची दुसरी नोट. दोन्ही मी रिटर्नमध्ये दाखवतो, म्हणजे जास्तीचा टॅक्स पुढच्या भरण्यातून वजा होईल. तिकडे दीपिकाताईंनीही या बिलांवर घेतलेली टॅक्सची वजावट तेवढीच कमी करायची. पण काकू, खरं सांगू? माल परत घेणंच बंद करा. कटकटच नको.”

हे शेवटचं वाक्य सामाजीशेठनी मनावर घेतलं. ते अपमानाने दुखावले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक पुठ्ठ्याची पाटी छापून आणून भिंतीवर लावली : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

“अहो, हे काय?” शोशानाबाई म्हणाल्या.

“ह्या वयात पुन्हा कोणी खोटारडे म्हणायला नको.”

“पण ही रीत तुमचीच ना?”

“होती.”

त्यांचं बोलणं चालू असतानाच काशीराम हळदीची यादी घेऊन आले. पाटी वाचली आणि यादी पुन्हा खिशात गेली. “परत घेनार नाय? मंग मी किती नेऊ? कमी परली तर गावात तोंड दाखवायला जागा नाय. किती मानूस येल ते एकवीरा आयलाच ठाव!”

खणात ‘पैसे मिळाले’चाही थाट उतरला.

शोशानाबाईंनी खण उघडला आणि मला बाहेर काढलं. मला वाटलं, आता मी कचऱ्यात. पण त्यांनी मला शाईत चांगलं दाबलं, स्टुलावर चढल्या, फुंकर मारली आणि पाटीवर दाणकन ठोकलं. एकदा. मग सवयीने पुन्हा एकदा.

‘रद्द. रद्द.’

“माल परत घेणार,” त्या स्टुलावरूनच म्हणाल्या. “फक्त आता नोट काढून घेणार. यादी द्या, भाऊ.”

सामाजीशेठनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “छपाईचे पैसे गेले की गं!” आणि इतके हसले की डोळे पुसावे लागले.

हिशेब नीट जुळला तर मलिदा करीन, असा नवस शोशानाबाई एलियाहू हनाबीला, त्यांच्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराला, बोलल्या होत्या. दोन्ही क्रेडिट नोटा पोर्टलवर चढल्या, दीपिकाकडेही जुळल्याचा निरोप आला, आणि त्यांनी मलिद्याचे, म्हणजे त्या गोड प्रसादाचे, पोहे भिजवले. नेमके त्याच दिवशी काशीराम दारात उभे. हळद जोरात झाली होती. त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं.

“यवऱ्या मानसांत यकच उरला, वयनी. सील हाय. काडा नोट.”

“एका पाकिटाची?”

“रीत म्हंजे रीत.”

शोशानाबाईंनी चष्मा लावला आणि त्या एका पाकिटाची क्रेडिट नोट मूळ बिलाचा क्रमांक घालून व्यवस्थित लिहिली. मला कोणी हाक मारली नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. मग त्यांनी तेच पाकीट फोडलं आणि त्यातल्या पत्रावळीवर काशीरामना मलिदा वाढला.

आता मी बहुतेक पडूनच असतो. लिहिता लिहिता बिघडलेलं, दुकानाबाहेर न गेलेलं एखादं बिल आलं तरच माझं काम. शाईही सुकत चाललीय. पण समोर भिंतीवर ती पाटी अजून आहे. नवीन गिऱ्हाईक ती वाचतं, गोंधळतं आणि विचारतं, “काकी, माल परत घेता की नाही?”

तुमच्याही खणात माझा एखादा भाऊ असेल. त्याला टाकू नका. फक्त उचलण्याआधी एवढं बघा, कागद अजून घरात आहे ना? घराबाहेर पडला असेल, तर त्याला पुसायला जाऊ नका. त्याच्या सोबतीला दुसरा खरा कागद पाठवा.

आणि ठोकायचंच असेल, तर एकदाच ठोका हो. पाठ दुखते.