पंचावन्नचा वेग

मागच्या दुधाच्या टँकरने तिसऱ्यांदा भोंगा वाजवला, तरी देओलिंदाने पाय ॲक्सिलरेटरवर नेला नाही. ब्रेकवरही नाही. मोह नको म्हणून तिने तो मागे ओढून सीटला टेकवून ठेवला होता. दोन हजार एक सालची निळी गाडी महामार्गाच्या उजव्या, संथ वाहनांच्या पट्ट्यातून आपल्याच वजनाने मंदावत चालली होती.

"अडतीस," शेजारी बसलेला तिचा नवरा आदेलिनो काट्याकडे बघत म्हणाला. "पस्तीस. ब्रेक नाही हं, बाई."

"माझा पाय काय तुझ्या मांडीवर आहे? दिसतोय ना कुठे आहे तो?"

"तीस."

टँकर शेजारून घोंघावत पुढे गेला. जाता जाता ड्रायव्हरने काच खाली करून काहीतरी सुनावलं. देओलिंदाने अस्सल माहेरच्या बेटावरच्या पोर्तुगीजमध्ये त्याच्या आईची खुशाली विचारली, आणि आदेलिनो हसला. मोठ्याने. तिने मान वळवली नाही, पण हात चाकावर घट्ट झाले. हे हसू तिने वर्षभरात ऐकलं नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी बॅटरी बदलली आणि गाडीच्या संगणकाची पाटी कोरी झाली, तेव्हापासून हा खेळ चालू होता. धूर तपासणाऱ्या मारिसेलाने समजावलं होतं, की धूर चांगला का वाईट हा पुढचा प्रश्न. आधी गाडीने स्वतःच्या तपासण्या स्वतःच उरकायला हव्यात, आणि त्या ती चालता चालताच उरकते. रात्रभर गार पडलेलं इंजिन सुरू करायचं, दोन-तीन मिनिटं जागच्या जागी चालू ठेवायचं. मग ताशी पंचावन्न मैलांच्या वेगाने एकसारखं जायचं. मग पाय काढायचा आणि गाडी वीसवर येईपर्यंत ब्रेकला शिवायचं नाही. एका दिवसात होत नाही, ओळीने दोन-तीन दिवस करावं लागतं.

देओलिंदाने ओळीने दोन आठवडे केलं होतं. गाडी ढिम्म.

शुक्रवारी धूर-तपासणीची मुदत संपत होती. त्यानंतर गाडी रस्त्यावर आणायची सोय नव्हती. मुलगा नेल्सन तर टपूनच बसला होता. जुन्या गाड्या सरकार पैसे देऊन मोडीत काढतं, देऊन टाक, म्हणत होता.

"तुला कुठे जायचं असेल तर मला फोन कर ना, मी नेईन," तो म्हणाला होता.

"तू? रविवारच्या मिस्साला न्यायला तू बुधवारी उगवशील. चौथीत शाळा सोडली मी, पण चाक धरायला कोणाची शिकवणी लावली नाही. ते सोडणारही नाही."

आदेलिनोने तीस वर्षं दुधाचे टँकर चालवले. गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लटका पडला, लायसन्स गेलं. तेव्हापासून तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसे. फेस्ताच्या सणाला हॉलवर जेवायला चल म्हटलं तर भिंतीकडे तोंड करी. पावाला लोणी लावून द्यायची ती, मांस कापून द्यायची ती. या सकाळच्या फेऱ्यांत मात्र धुकं वर सरकायच्या आत तो टोपी घालून गाडीत बसलेला असे.

बुधवारी ती फेरी संपवून दोघं मारिसेलाकडे गेली, तेव्हा मारिसेलाने स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं, पडद्याकडे बघितलं आणि ओठ दाबले.

"परत कोरी."

"तुझं यंत्र आंधळं आहे, पोरी."

"यंत्राला दिसतंय, डोना देओलिंदा. ते म्हणतंय, पाटी पुसल्यापासून गाडी सव्वीस मैल चालली. सव्वीस तर तुम्ही आज सकाळीच गेलात. मग कालचे कुठे गेले? परवाचे?"

देओलिंदाने दोन आठवड्यांच्या फेऱ्या बोटांवर मोजल्या.

मारिसेलाने बॉनेट उघडून बॅटरीची तार हलवून बघितली. "घट्ट आहे. पण रात्री हिची वीज तुटतेय एवढं नक्की. गाडी आपणहून विसरत नाही." तिने लहानसं दुसरं यंत्र देओलिंदाच्या हातात ठेवलं. "हे उद्या वाटेत लावून ठेवा. आतल्या तपासण्या झाल्या की हिरव्या खुणा येतील. संध्याकाळपर्यंत परत आणा, काय?"

"मी काय घेऊन पळणार आहे? पळायला गाडी कुठे आहे मला?"

आदेलिनो गाडीतच बसून होता. काय म्हणाली पोरगी, त्याने विचारलं. उंदीर तार कुरतडत असतील, देओलिंदा म्हणाली. तो पुढे रस्त्याकडे बघत राहिला.

त्याच दिवशी दिवे लागायच्या सुमारास तो नेहमीसारखा कोंबड्या बघायला म्हणून मागे गेला. ही त्याची नवी सवय होती, आणि माणूस खुर्चीतून उठतोय याचंच तिला अप्रूप होतं. तिने चुलीवरचं सॉसेज परतलं, आच कमी केली आणि उंदरांचा सापळा घेऊन गॅरेजकडे निघाली.

बॉनेट उघडं होतं. आदेलिनो त्यावर वाकला होता आणि डाव्या हाताने पाना फिरवत होता. पाना निसटला. त्याने तो पुन्हा बसवला. उजवा हात त्याने तारेवर दाबून धरला होता, लटका, पण धरलेला. घाई नव्हती, चिडचिड नव्हती. तार अजून सुटली नव्हती, पण नट सैल होत आला होता. रोज सकाळी तिच्या आधी उठून तो परत आवळत असणार.

देओलिंदाच्या जिभेवर चांगली दोन-चार वाक्यं आली. त्यांत पेट्रोल होतं, दोन आठवडे होते, शुक्रवार होता. ज्या माणसाला ती पाव लावून, मांस कापून देत होती त्याचे ते हात ती बघत राहिली, आणि वाक्यं तिथेच अडली.

"कोंबड्या बऱ्या आहेत?" तिने विचारलं.

तो दचकला. पाना मात्र खाली पडला नाही.

"बऱ्या आहेत."

"तार का काढतोयस?"

"बॅटरी उतरते रात्रीची. टँकरचीही काढायचो मी."

"बॅटरी नवी आहे."

त्याने वळून तिच्याकडे बघितलं नाही. गॅरेजच्या दारातून आत येणारं धुकं त्याच्या पायांशी जमत होतं.

"आवळ परत," देओलिंदा म्हणाली. "आणि शुक्रवारपर्यंत तिला हात लावायचा नाही."

"शुक्रवारनंतर?"

"आधी आवळ."

त्याने नट आवळला. वेळ लागला, पण ती मदतीला पुढे झाली नाही.

जेवताना तिने अख्खं सॉसेज त्याच्या ताटात टाकलं आणि सुरी शेजारी ठेवली. तो सुरीकडे बघत बसला. ती आपल्या सूपमध्ये पाव बुडवून खात राहिली, जणू टेबलाच्या पलीकडे कोणी नव्हतंच. बऱ्याच वेळाने ताटावर सुरीचा आवाज झाला.

गुरुवारी आदेलिनो टोपी घालून बसला, पण आकडे सांगेना. यंत्र त्याने मांडीवर धरलं होतं. देओलिंदाने इंजिन चालू ठेवलं, वाट बघितली, मग महामार्ग धरला. दोन्ही बाजूंनी बदामाच्या बागा मागे पळत होत्या.

"वेग कोण सांगणार? नेल्सन?"

"पंचावन्न," तो पुटपुटला.

"ऐकू येत नाही."

"पंचावन्न! छप्पन्न. पाय हलका कर, बाई, शर्यत लावलीस का? हं. तिथेच. तिथेच ठेव."

तिने तिथेच ठेवला. मग पाय मागे घेतला. पन्नास, पंचेचाळीस. मागे कोणी नव्हतं. चाळीस. तो मोजत गेला आणि गाडी उतरत गेली, पंचवीस, बावीस, वीस. तिने पुन्हा वेग घेतला. थोड्या वेळाने त्याच्या मांडीवरचं यंत्र बारीक वाजलं.

"काय झालं?"

आदेलिनोने यंत्र डोळ्यांपाशी नेलं. "हिरवी. चारही हिरव्या."

"म्हणजे?"

"म्हणजे झालं." त्याने यंत्र खिशात घातलं, टोपी काढली, आणि हात मांडीवर ठेवले. "पोरीकडे ने आता. उद्याची वाट नको बघू."

मारिसेलाच्या दुकानाकडे जाणारा फाटा पाटी दाखवत जवळ आला. देओलिंदाने वळायचा दिवा लावला नाही. फाटा मागे गेला.

"अगं, गेला फाटा."

"डोळे आहेत मला."

"यंत्र द्यायचंय."

"संध्याकाळपर्यंत द्यायचंय." तिने पेट्रोलच्या काट्याकडे बोट केलं. "टाकी अर्धी भरलेली आहे. मला डेअऱ्यांच्या पलीकडचे रस्ते ठाऊक नाहीत. तीस वर्षं कुठे कुठे जात होतास ते तुलाच माहीत. बोल, कुठून घेऊ?"

मग त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, पुढे झुकला आणि काचेतून रस्ता न्याहाळू लागला.

"पाण्याच्या टाकीनंतर डावीकडे," तो म्हणाला. "आतापासूनच हळू घे. तिथला खड्डा दिसत नाही."