पहिला सूर

कानामागून आली आणि तिखट झाली, असं आमच्या हार्पवालीबद्दल मी पहिल्याच महिन्यात दादाला सांगितलं होतं. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, लाकडी बासरी पुसत ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आमचा तिघांचा संच. तिची हार्प, त्याची बासरी, माझा सेलो. वाद्यं सगळी जुन्या धाटणीची, तारा आतड्याच्या. आणि नियम एकच: पहिला सूर मी देणार, कानाने, आणि बाकीच्यांनी त्याला जुळवून घ्यायचं. यंत्रबिंत्र चालणार नाही. माझ्या कानावरच या संचाचं नाव झालंय, आणि हे मी एकटीच म्हणत नाही.

म्हणून गेल्या कार्यक्रमाला जे पाहिलं त्याने माझं डोकंच फिरलं. चहा घेऊन आतल्या खोलीत आले, तर ही बया माझ्या सेलोवर वाकलेली. तार छेडली, कान लावला, पुन्हा छेडली. मला पाहून दचकली.

"धूळ होती, ताई."

धूळ! मी तार तपासली, तर जागच्या जागी. त्याने संशय आणखीच बळावला. चोर काही न नेता गेला की जास्त धडकी भरते.

तिची नणंद सेलो वाजवते हे मला ठाऊक होतं. "नणंदेला माझी खुर्ची हवीय," मी दादाला म्हटलं.

"नणंदेसाठी एवढं करणारी भावजय अजून जन्माला यायचीय," दादा हसला. पण माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे तिथेही पाणी मुरत होतं.

आज कार्यक्रमाआधी मी सेलो सुरात लावून ठेवला, "जरा पाय मोकळे करून येते" असं मुद्दाम मोठ्याने म्हटलं आणि हार्पच्या कपाटाएवढ्या पेटीमागे जाऊन उभी राहिले. या वयात! ती आली. माझी तार हलकेच छेडली, तो सूर गुणगुणत हार्पकडे गेली आणि चावीने आपल्याच तारांचे सूर एकेक करून खाली उतरवू लागली. मी शेवटच्या तारेपर्यंत दम धरला.

"सापडलीस! कार्यक्रमाच्या तोंडावर हार्प बिघडवतेस? नाव कुणाचं जाणार, माझंच ना?"

ती रडवेली झाली. "दादा, तुम्हीच सांगा ना."

दादा दारात उभा होता. त्याच्या बासरीचा सांधा बोटभर बाहेर ओढलेला. सूर खाली आणायचा तर तो ओढतात, पण एवढा त्याने कधीच ओढला नव्हता. त्याने खिशातून सूर पारखायचा नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटून माझ्या कानाशी धरला.

"चढलाय हा," मी म्हटलं.

"काटा चढत नाही गं. तू उतरतेयस. वर्ष झालं. आम्ही तुझ्या नकळत तुझ्यामागून उतरतो."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग नुसतंच खाली बसावंसं वाटलं. तेवढ्यात घंटा झाली.

रंगमंचावर सवयीने माझा गज उचलला गेला. सभागृह शांत झालं. मी गज मांडीवर ठेवला आणि हार्पवालीला हळूच म्हटलं, "आज तू दे."

तिने दादाकडे पाहिलं आणि तार छेडली. माझा हात सेलोच्या खुंटीवर गेला, पण पिळण्यासारखं काही नव्हतंच. तिने मला माझाच सूर परत दिला होता, आणि तो मला अगदी बरोबर वाटला.