दुसऱ्या खाचेखालचं पाणी

रहाटाची गाडगी गाळ घेऊन वर आली, तसा जिजाने बैल थांबवला. एक गाडगं सोडून घेतलं आणि तसंच गळतं घेऊन ती शेजारच्या वाडीत, ॲन्सेल्मकाकांच्या पडवीत शिरली.

"हे बघा. हे पानी केळींना घालू?"

विहीर तिघांची. पहिला दिवस थॉमसचा, दुसरा जिजाचा, तिसरा काकांचा. चर्चच्या सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत. बापजाद्यांनी ठरवलेलं, तेव्हा सगळ्यांचे रहाट होते. बैल दमायचा, त्यामुळे विहिरीत पाणी उरायचं. पण गेल्या महिन्यात थॉमसने तेलावरचं इंजिन बसवलं. ते दमतच नव्हतं.

"थॉमस पाळीबाहेर गेला काय?" काकांनी विचारलं.

"नाय."

"मंग? नेम तो नेम."

"तो नेम बैलाचा होता, काका."

"तू पन इंजिन घे. मी घेतोय."

"इंजिन काय पानी आनतं? हाय तेच काढतं!"

काका हसले. "आता बाया आमाला इंजिन शिकवनार."

जिजाचे कान तापले. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं ती एकटी वाडी राखत होती. यंदाची केळी सुकली तर राखायला काही उरणार नव्हतं.

घरी येऊन तिने लांब बांबू तोडला आणि कोयत्याने त्यावर दोन खाचा पाडल्या. पहिल्या खाचेपर्यंत थॉमसचं पाणी, दुसरीपर्यंत तिचं, त्याखालचं काकांचं.

थॉमसच्या पुढच्या पाळीपर्यंत विहीर झऱ्यांनी पुन्हा भरली होती. जिजाने काकांना बोलावलं, बांबू विहिरीत उभा केला, खाचा कोणाच्या ते सांगितलं आणि ती काठावर बसली.

"वैनी, माझ्या दिवशी राखन कसली?" थॉमसने हँडल मारलं.

दुपारी पहिली खाच उघडी पडली.

"काका, त्याचं झालं. बंद करायला सांगा."

"घंटा होऊ दे," काका विडी पेटवत म्हणाले.

पाणी उतरत राहिलं. जिजा काकांच्या तोंडाकडे बघत राहिली. काका विहिरीत बघत होते.

उन्हं कलली आणि पाणी दुसऱ्या खाचेला टेकलं. काका ताडकन उठले.

"थॉमस! बंद कर ते! लाज हाय का तुला?"

"घंटा कुठं झाली?"

"बंद कर म्हनतो ना!"

इंजिन थांबलं. काका जिजाकडे वळले. त्यांनी विडी नव्याने पेटवली.

"तुझा बांबू कामाचा हाय गो. शानी बाय."

जिजा उठली. दोन्ही हातांनी ओढून तिने बांबू बाहेर काढला आणि काकांच्या पायाशी टाकला.

"उद्याचा दिवस माझा, काका."

"मंग? काढ की तुझं."

"काढते," ती म्हणाली. "तळ लागेपर्यंत."