नुसतं पाणी दाखवा

खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच मंजुश्रीने कुंड्या मोजल्या. नऊ. न्हाणीच्या पत्र्याच्या सावलीत तिने मांडल्या होत्या तशाच ओळीने, प्रत्येकीत चाफ्याची एकेक फांदी. पान एकीवरही नाही. फवाऱ्याची बाटली खिडकीत होती आणि तिच्यातले पाणी, ती नांदेडला निघाली तेव्हा होते तिथेच होते. मात्र प्रत्येक कुंडीखालची ताटली काठोकाठ भरली होती.

तिने मातीत बोट घातले. वाळू मिसळून हलकी केलेल्या मातीचा चिखल झाला होता.

"तुझ्या माघारी एक दिवस खाडा न्हाई केला," मागून वीरण्णा म्हणाले. तिचे सासरे हातात बादली घेऊन उभे होते, धोतराचा सोगा भिजलेला. "लई पितेत. बैल बरे."

हा चाफा शेताच्या बांधावरचा. त्याच्या बुडाशी तिच्या सासूबाईंची, गौरम्मांची समाधी. उदगीरकडे जाणारा रस्ता रुंद झाला तेव्हा समाधी वाचली, झाड गेले. वीरण्णांनी तोडलेल्या फांद्या उचलून स्कूटरवर घरी आणल्या आणि बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या सुनेपुढे ठेवल्या. समाधीपाशी याच झाडाचं रोप पाहिजे, म्हणाले. असाच पांढरा चाफा नर्सरीत मिळतो, हे तिने सांगून पाहिले होते.

"असाच मिळंल," ते म्हणाले होते. "हा न्हाई मिळायचा."

फांदीला मुळे फुटेपर्यंत बुडाशी पाणी साचू द्यायचे नसते. ऊन चढले की वरून धुक्यासारखा फवारा, एवढेच. पण भावाच्या लग्नाला निघताना ऑटो दारात उभा होता, भोंगा वाजत होता आणि मंजुश्री घाईत एवढेच म्हणाली होती, "मामा, सकाळ-संध्याकाळ नुसतं पाणी दाखवा." देवापुढे नैवेद्य दाखवतात तसे, असे तिच्या मनात होते.

तिने पहिली फांदी चिमटीत धरली. साल बोटाखाली दबली. दुसरीचीही.

"मामा, मी दाखवा म्हणाले होते."

"मग? दाखवलंच की."

जन्मभर त्यांनी बैलांना पाणी दाखवले होते. जनावर तोंड वर करीपर्यंत हौदावरून हलायचे नाही, अर्धपोटी वळवायचे नाही, हे ते तिला समजावून सांगू लागले. सांगता सांगता त्यांचे लक्ष तिच्या बोटांकडे गेले आणि ते थांबले.

मंजुश्रीने विळी आणली. एकेक फांदी उपसून ती खालून चकत्या काढू लागली. आत काळपट, मग तपकिरी, मग पुन्हा तपकिरी. पांढरा गाभा लागून चीक यावा म्हणून ती टोकापर्यंत कापत गेली. सात फांद्यांना आला नाही. उरलेल्या दोन फांद्यांना आला.

"मेल्या?"

"ह्या दोन आहेत अजून. चूक माझी आहे, मामा. नीट सांगायला पाहिजे होतं."

वीरण्णांनी बादली खाली ठेवली. तिच्या कडीवरचा हात मात्र काढला नाही.

"किडनीचं दुखणं हुतं तिला," ते म्हणाले. "दिवसाला दोन पेले पाणी, डॉक्टरनं सांगितलं हुतं. मागायची. मी न्हाई द्यायचो." चकत्यांवर माश्या बसायला लागल्या होत्या. "म्हटलं, झाडाला तरी..."

गौरम्मांना मंजुश्रीने फक्त फोटोत पाहिले होते. ती लग्न होऊन आली तेव्हा समाधीला वर्ष झाले होते.  तिने दोन्ही फांद्यांच्या कापांना राख लावली आणि त्या सावलीत वाळत ठेवल्या.

काप सुकल्यावर तिने त्या कोरड्या वाळूत लावल्या आणि फवाऱ्याची बाटली सासऱ्यांच्या हातात दिली. कासऱ्याने घट्टे पडलेल्या बोटांनी त्यांनी ती दाबली. पिचकारी थेट भिंतीवर गेली. तिने तोटी फिरवून दिली. पुन्हा दाबल्यावर बारीक तुषार फांदीवर उतरले आणि साल ओलसर झाली.

वीरण्णांनी ओल्या सालीवरून बोट फिरवले.

"शेवटी शेवटी कापूस भिजवून ओठावरून फिरवायचो," ते म्हणाले. "इतकंच?"

"इतकंच, मामा."

त्यानंतर बादली त्या पत्र्याखाली आली नाही. दुपारी घर झोपले की फवाऱ्याचा आवाज तेवढा यायचा, दोनदा, थांबून एकदा.

रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत एक फांदी सुरकुतून गेली. नक्षत्र लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वीरण्णांनी मंजुश्रीला हाक मारली, नुसतीच, कशासाठी ते न सांगता. ती मोजपट्टी घेऊनच आली. आधी तिने वाळूत बोट घातले. कोरडी होती. मग उरलेल्या फांदीच्या टोकाला पट्टी लावली.

कोंब चार मिलिमीटर होता.