विहिरीवरचा पाठमोरा माणूस

कल्याण नावाच्या शेतकऱ्याच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. उंबऱ्यापासून थेट अंगणातल्या ट्रॅक्टरपर्यंत बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, पुरुष भिंतीला टेकून उभे होते, आणि सगळ्यांची तोंडं पाटावर ठेवलेल्या एका फोटोकडे होती. फोटोला हार घातलेला. त्यात संध्याकाळची विहीर. वरचं आभाळ इतकं झगझगीत केशरी की आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात तसं मी कधी पाहिलं नव्हतं. विहिरीच्या आतल्या कपारीतलं गवतसुद्धा स्वच्छ दिसत होतं. आणि काठावर एक पाठमोरा माणूस. त्याच्या पाठीतून आरपार मागची तुरीची झाडं दिसत होती.

"मच्छिंद्रच हाय," कोणीतरी पुटपुटलं. बायांनी हात जोडले.

मच्छिंद्र हा कल्याणचा थोरला भाऊ. पावसाळ्याआधी याच विहिरीवर मोटार दुरुस्त करताना विजेचा धक्का बसून तो गेला. पिंपळगावात माझा दवाखाना आहे. त्याला माझ्याकडेच आणलं होतं, पण तोवर सगळं संपलं होतं.

फोटोशेजारी रखमाजी भगत मांडी ठोकून बसला होता. कपाळभर भंडारा, खिशात दोन मोबाईल.

"मानसाच्या डोळ्याला तेवढी रेंज न्हाई," तो सांगत होता, "पन मशीनच्या डोळ्याला हाय! मशीन बिलकुल झूट बोलत न्हाई. आत्मा अजून चार्ज हाय, म्हणून तं फोटोत आला. डिस्चार्ज झालेला आत्मा दिसत न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. कोणत्या शाळेत आत्म्याची बॅटरी शिकवतात, हे कोणी विचारलं नाही.

मग त्याचा आवाज खाली आला. "पन तोंड कुठं हाय त्याचं? घराकडं पाठ करून उभा हाय. काहून? या घरात असं कोन हाय, ज्याचं तोंड त्याला पाह्यचं न्हाई?"

सगळ्या नजरा दाराकडे वळल्या. दाराआड दैवशाला उभी होती, मच्छिंद्रची बायको. तिनं पदर आणखी पुढे ओढला.

मी आलो होतो तो तिच्यासाठीच. सकाळी ती दवाखान्यात आली होती. पाठीवर वळ उठले होते, एकाशेजारी एक, ओल्या फोकानं मारल्यावर उठतात तसे. "पडले," म्हणाली. पडल्यावर वळ असे ओळीनं उठत नाहीत, एवढं कळायला डॉक्टर असावं लागत नाही. मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच बोलली, "भगत म्हन्ते माझ्यामुळं त्यायचा जीव अडकून राह्यला. अमावशेला मला विहिरीवर बसवणार हायेत. करनी केली असं कबूल करीस्तोवर."

मी कल्याणला बाजूला घेतलं. "हा फोटो आला कुठून?"

"तुमच्या भाचीनंच काढला की, सायब. मागं फोटो काढायला आल्त्या ना त्या? मी मागितला तव्हा मोबाईलवर धाडला त्यायनं. मंग भोकरदनहून मोठा करून आनला."

मी मोबाईल बाहेर काढला.

गंधाली माझी भाची. जालन्यात एका ऑफिसात नोकरी करते. दिवाळीत तिनं कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून सुट्टी मिळाली की ती शिवारं पालथी घालते. अजून शिकतेच आहे. मी तिथूनच तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मामा, त्या बाईंना मारलं? माझ्या फोटोवरून?"

"हो. तो माणूस आरपार का दिसतो ते सांग आधी."

"अहो, चूक आहे ती माझी! आभाळ उजेडाचं आणि विहीर अंधाराची, दोन्ही एका फोटोत नीट येत नाहीत. आभाळ जमलं की विहीर काळी होते, विहीर जमली की आभाळ पांढरं पडतं. म्हणून एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांचा एक करायचा. एचडीआर म्हणतात त्याला. पण मधे काहीच हलता कामा नये. तेवढ्यात कोणी चालत गेलं असेल. तो एका फोटोत आला, दोनांत नाही. मग कॉम्प्युटरनं थोडा माणूस आणि थोडी तूर अशी भेसळ केली. मला तो डागच वाटला होता, पण काढता आला नाही. मूळचे तिन्ही फोटो आहेत माझ्याकडे. मी येते."

अमावस्येच्या आधीच्या रविवारी ती आली. कल्याणच्या ओसरीत रखमाजीच्या दरबाराला पुन्हा तेवढीच गर्दी होती. गंधालीनं लॅपटॉप बाजेवर ठेवला आणि फोटो एकेक करून दाखवले. पहिल्यात नुसती विहीर, काठावर कोणी नाही. दुसऱ्यात काठावरून जाणारा धडधाकट माणूस, डोक्यावर टोपी, हातात कॅन, अंगात निळ्या चौकटीचा सदरा. त्याच्यातून काहीच आरपार दिसत नव्हतं. तिसऱ्यात पुन्हा कोणी नाही.

मागच्या बाजूला खाकरल्याचा आवाज झाला. शेजारच्या शेतातला कडूबा पुढे आला. "त्यो मी हाय," तो खाली मान घालून म्हणाला. "डिझेल घेऊन चाल्लो व्हतो. फोटो पाह्यला तव्हाच वळखलं. पन सगळे पाया पडून राह्यले, मंग बोलायची हिंमतच झाली न्हाई."

"खोटं!" चतुराबाई ओरडली. मच्छिंद्रची आई. आतापर्यंत ती फोटोसमोरून हललीही नव्हती. "त्यो सदरा माझ्या लेकराचा हाय. मी घेतल्ता तीर्थपुरीच्या बाजारातून. आईला वळखू येत न्हाई का?"

आणि तेव्हा दैवशाला दाराबाहेर आली.

"सदरा त्यायचाच हाय, आत्याबाई. मी देल्ता कडूबाभावजीच्या बायकोला. खुंटीवर दिसायचा रोज. आत पाऊल टाकलं की वाटायचं, आले. सहन होईना मला. तुमाला इचारलं असतं तं तुमी देऊ देला नसता."

"मंग इतके दिस गप काहून बसलीस?" कल्याण म्हणाला.

"बोलले असते तं काय केलं असतं तुमी?"

उत्तर द्यायला रखमाजीला क्षणही लागला नाही. तो उडी मारून उठला. "ऐका! मेलेल्याचा कपडा परक्याच्या अंगावर चढवला! हीच करनी! हिच्याच तोंडून निघालं!"

ती गप्प का होती, ते तेव्हा मला कळलं. गर्दीत कुजबुज वाढली. तीन फोटो दाखवून, माणूस समोर उभा राहून, तरी वारं पुन्हा तिकडेच फिरत होतं.

गंधालीनं कॅमेरा उचलला. "महाराज, मशीन खोटं बोलत नाही ना?"

"बिलकुल न्हाई!"

"मग विहिरीवर चला. तुमचा एक फोटो काढते."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? भंडारा नीट करून तो ऐटीत निघाला, मागोमाग सगळी वस्ती. गंधालीनं कॅमेरा स्टँडवर बसवला. विहिरीच्या काठावरून एकदा चालत जा, एवढंच तिनं सांगितलं. तो गेला. कॅमेरा तीनदा वाजला. तिथेच दगडावर लॅपटॉप उघडून, उपरण्याची सावली धरून तिनं फोटो एकत्र केले आणि पडदा लोकांकडे फिरवला.

केशरी आभाळ. स्वच्छ विहीर. काठावर रखमाजी भगत, धुरासारखा. त्याच्या पोटातून तुरीच्या शेंगा लोंबत होत्या.

एक म्हातारी अगदी काळजीनं म्हणाली, "अगं बाई! महाराज, तुमी कव्हा गेल्ते?"

हशा असा उसळला की तुरीतली पाखरं उडाली. "मशीन खराब हाय!" रखमाजी ओरडत होता. "आता खराब झाली व्हय?" कडूबा म्हणाला. पोरं एकामागून एक विहिरीवर धावली, गंधालीनं त्यांचेही फोटो काढले, आणि वस्तीतली निम्मी जिवंत माणसं त्या संध्याकाळी भुतं झाली. या गडबडीत रखमाजी बांधाबांधानं निघून गेला.

चतुराबाई मात्र हसली नाही. ती विहिरीच्या कडेला उकिडवी बसली होती. मी जवळ गेलो.

"तुमचं खरं असंल, डॉक्टरसायब," ती म्हणाली. "पन मला तेवढाच तं दिसत व्हता. रोज सकाळी बोलायचे त्याच्याशी. आता घरी जाऊन कोनाशी बोलू?"

खोटं उघडं पाडायला गेलो होतो, ते पडलं होतं. पण या बाईचा मुलगा आज दुसऱ्यांदा गेला होता. गंधाली तिच्यासमोर हात जोडून नुसती रडत राहिली.

दैवशाला सासूच्या शेजारी बसली. चतुराबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं हात लांब केला आणि सुनेच्या पाठीवर ठेवला. वळावर हात पडताच दैवशाला कळवळली. म्हातारीनं हात झटकन मागं घेतला, आपल्या तळव्याकडे पाहिलं आणि तोंडात पदर कोंबला. फोक तिनंच हाती धरला होता, हे मला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी दैवशालानं जादूटोणाविरोधी कायद्याखाली रखमाजीविरुद्ध तक्रार दिली. वळ तपासल्याचा दाखला मी लिहिला. सासूचं नाव तिनं घेतलं नाही, मीही तिला आग्रह केला नाही. ते बरोबर होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. रखमाजी आता दुसऱ्या तालुक्यात बसतो असं कानावर येतं. तिथेही कोणाच्या तरी घरात नुकतंच माणूस गेलेलं असेल आणि कोणीतरी सून दाराआड उभी असेल.

म्हणून हे लिहिलं. चमत्कार म्हणून कोणी काही दाखवलं, तर हात जोडण्याआधी दोन गोष्टी करा. तो कसा घडला, ते विचारा. आणि आमच्यासमोर पुन्हा करून दाखवा, असं म्हणा. एवढ्यानं तुमचा देव रागावणार नाही. रागावेल तो मधे बसलेला माणूस. आणि तो जर एखाद्या बाईकडे बोट दाखवत असेल, तर उत्तर मिळेपर्यंत थांबू नका. आधी त्या बाईच्या पुढे जाऊन उभे राहा.