राखून ठेवलेली पितळी कडी

सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी, लेबर डेच्या सुट्टीच्या दुपारी, ऑरिन पेल्टन पुन्हा कड्यांच्या दांड्याशी उभा राहणार, हे आर्डिसने कोणाला सांगितलं नव्हतं. तरी सकाळच्या कॉफीपर्यंत ते साऱ्या गावाला ठाऊक झालं होतं. ब्रॅडन्स फेरी नावाच्या या गावात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. एवढंसं गाव, त्यात बघण्यासारखं म्हणाल तर कालव्याचा जुना दरवाजा, दोन कोठड्यांचा तुरुंग आणि नदीकाठच्या बागेतलं लाकडी घोड्यांचं चक्र. पहिल्या दोन्हींसमोर पाहुणे फोटो काढतात आणि गाडीत बसून निघून जातात. चक्रावर मात्र दुपारभर रेंगाळतात.

रेंगाळतात ते कड्यांपायी. चक्र फिरत असताना बाहेरच्या ओळीतल्या घोड्यावरून वाकायचं आणि दांड्याच्या टोकाला आलेली कडी बोटाने खेचून घ्यायची. कड्या सगळ्या लोखंडी. त्या समोरच्या लाकडी सिंहाच्या जबड्यात फेकून द्यायच्या. पण दर फेरीत एकच कडी पितळी, आणि ती ज्याच्या बोटात येईल त्याला पुढची फेरी फुकट. दांड्यात कड्या भरायचं काम ऑरिनने बेचाळीस वर्षं केलं. मधल्या खांबाशी बसून ब्रेकचा दांडू सांभाळायचं काम त्याच्या बायकोने, म्हणजे आर्डिसने.

तशी ती आधी गिऱ्हाईक म्हणून आली होती. सतरा वर्षांची, राखाडी घोड्यावर बसलेली. त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी पितळी कडी लागोपाठ सात वेळा तिलाच मिळाली, तेव्हा चक्राच्या मालकाने ऑरिनला बाजूला घेऊन चांगला दम भरला. गाव अजून त्यावरून दोघांची फिरकी घेतं. ऑरिन पितळी कडी मुठीत दाबून ठेवायचा आणि राखाडी घोडा जवळ आला की हळूच पुढे सरकवायचा, बाकी काही नाही.

गेल्या तीन वर्षांत त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत गेली होती. आधी नावं गेली, मग रस्ते, मग बायकोचा चेहराही अधूनमधून. जुलैत एका सकाळी तो घरातून नाहीसा झाला आणि चार तासांनी कालव्याच्या दरवाजापाशी सापडला, सपाता घातलेले पाय पाण्यात सोडून बसलेला. तेव्हा कोलंबस शहरातून जोलीन आली, त्यांची एकुलती एक मुलगी. ती नर्स. तिने आरडाओरडा केला असता तर आर्डिसलाही भांडता आलं असतं. पण जोलीनने शांतपणे आपल्या घराजवळची एक जागा शोधली, अशा माणसांना सांभाळणारी, जिथली दारं आतून उघडत नाहीत, आणि लेबर डेनंतरचा मंगळवार ठरवून टाकला.

आर्डिस रडली, रुसली, दोन दिवस जेवली नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी असे हट्ट शोभत नाहीत, हे तिला कळत होतं, पण दुसरं काही हातातच नव्हतं. शेवटी तिने मुलीला एक गळ घातली. सोमवारी हंगामाचा शेवटचा दिवस. त्या दुपारी त्याला दांड्याशी उभा राहू दे. दुपारभर त्याने नीट काम केलं, तर एवढा हिवाळा त्याला घरी राहू द्यायचं.

जोलीन हो म्हणाली. पोरीने आपल्यावर दया केली, हे आर्डिसला लगेच कळलं. ते तिला झोंबलं, पण तिने तेही घेतलं.

मग तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा भरली. काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांवर झाकण आवळायला जी पत्र्याची गोल कडी असते, तशा वीस तिने माळ्यावरून उतरवल्या. एकीला पिवळा रंग दिला. ऑरिनने एकेक उचलून तिच्या हातात द्यायची आणि पिवळी मधे कुठेतरी, कोणाला पत्ता लागू न देता. पहिल्या आठवड्यात त्याने कड्यांची उतरंड रचली. दुसऱ्या आठवड्यात एक चावून पाहिली. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्याची बोटं आपोआप चालायला लागली, डोक्याला न विचारता, आणि आर्डिस सिंकपाशी जाऊन नळ सोडून रडली.

सोमवारी ऊन छान पडलं होतं. तिकिटांच्या खिडकीत बसणारा ड्यूई, ऑरिनचा जुना सोबती, त्याला पाहून म्हणाला, "आलास का रे? तुझ्यावाचून सिंह उपाशी मेला." ऑरिन हसला. कोण हसतंय आपल्याशी, हे त्याला कळलं नसावं, पण हसला. जोलीन बाकावर हाताची घडी घालून बसली. चक्राचा बाजा वाजायला लागला आणि आर्डिसने ब्रेक सोडला.

पहिली फेरी सरळ पार पडली. दुसरीही. घोडे पुढून सरकत होते आणि त्यांच्या मधल्या फटींतून आर्डिसला त्याचे हात दिसत होते, उचलतायत, भरतायत, उचलतायत. बाहेरगावची एक बाई पितळी कडी हातात उंच धरून खिदळली. आर्डिसने जोलीनकडे पाहिलं. जोलीनची घडी सुटली होती. हिवाळ्यात पुढच्या दाराला एक घंटी बांधू, आर्डिसने मनात योजना केली, म्हणजे तो उठला की कळेल. सरपणही आणून ठेवू. तिसऱ्या फेरीत तर ती बाज्याबरोबर गुणगुणत होती.

चौथ्या फेरीत हात थांबले.

पोरं रिकाम्या दांड्याला बोटं लावत गेली आणि कुरकुरायला लागली. ऑरिनची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. तो समोरून जाणारा एकेक घोडा निरखत होता, घोड्यावरचा एकेक चेहरा. राखाडी घोडा आला. त्यावर एक टक्कल पडलेला गृहस्थ होता. ऑरिनने मान उंचावली. पुढच्या वेढ्याला पुन्हा तोच गृहस्थ. तेव्हा ऑरिन दांड्याजवळच्या आपल्या ओट्यावरून उतरला आणि फिरत्या फळीवर पाय ठेवायला पुढे आला.

आर्डिसने ब्रेक ओढला. लाकूड करकरलं, लोक पुढे कलले, कोणीतरी किंचाळलं. ऑरिन एका गुडघ्यावर पडला होता, पण शाबूत होता. ती पोचेपर्यंत जोलीनने त्याला उठवून ओट्यावर बसवलं होतं.

"ती अजून आली नाही," तो जोलीनला समजावत होता. "राखाडी घोड्यावर बसते ती."

जोलीनने आईकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. आपण तीन आठवडे त्याचे हात शिकवले, आर्डिसला वाटलं, आणि तो कडी कोणासाठी राखतो हेच विसरलो. ती स्वतः खांबाशी बसली होती, तर घोड्यावर त्याला दिसणार कशी?

"जोलीन, ब्रेक धर."

"आई, पुरे आता. चल घरी."

"एकच फेरी. लहानपणी धरायचीस की. धर म्हणते ना."

ड्यूईने स्टूल आणून ठेवलं. टकलू गृहस्थाने उतरून तिला हात दिला. गुडघे बोंबलत होते, पण ती राखाडी घोड्यावर बसली, ताठ. केसांतली पिन काढून तिने केस मोकळे सोडले, पांढरे झाले होते तरी. सगळं गाव बघत होतं आणि तिला त्याची लाज वाटेनाशी झाली होती. जोलीनने ब्रेक सोडला.

पहिल्या वेढ्याला तिच्या बोटात लोखंडी कडी आली. दुसऱ्यालाही. तिसऱ्या वेढ्याला ती इतकी वाकली की ड्यूई पुढे धावला. ऑरिनने तिला पाहिलं, सौजन्याने मान हलवली आणि लोखंडी कडी पुढे केली. तिने त्याला हाक मारली, बाज्याच्या वर आवाज चढवून. त्याने पुन्हा मान हलवली. घोडे मंद झाले, थांबले. तिच्या मांडीवर सात लोखंडी कड्या होत्या आणि त्याची उजवी मूठ अजून मिटलेलीच होती.

उतरून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"ऑरिन, मी आले."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तो जरा ओशाळला, गिऱ्हाइकाला नाही म्हणावं लागलं की ओशाळायचा तसा.

"बाई, माफ करा, पण पितळी कडी आज मिळायची नाही. राखून ठेवलीय."

"कोणासाठी?"

त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आर्डिससाठी. तिला सांगू नका हं."

"नाही सांगत," आर्डिस म्हणाली.

"येईल ती. चुकवायची नाही कधी."

आर्डिसने सातही कड्या त्याच्या ओट्यावर ठेवल्या. सिंहाकडे फेकायचं त्राण तिच्यात नव्हतं. जोलीन मागे येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या किती वाजता निघायचं?" आर्डिसने विचारलं.

"आठला."

निळा स्वेटर वर काढून ठेवते, गाडीत त्याला गार वाटतं, असं आर्डिस म्हणाली. मग थोडं थांबून तिने मुलीला बजावलं, की तिथे गेल्यावर कोणी त्याची मूठ उघडायला गेलं तर उघडू देऊ नकोस.